औंध ते डोंबिवली : गजाननबुवा जोशी यांच्या गाण्याची वाट

२८ जून १९८७ रोजी डोंबिवलीत पंडित गजाननबुवा जोशी यांचं निधन झालं. तेव्हा त्यांचं वय ७६ होतं. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची रीतसर तालीम घेतलेला आणि तिन्ही पचवून स्वतःचं गाणं उभं केलेला हा गवई होता. व्हायोलिनवर हात इतका तयार, की निव्वळ वादक म्हणूनही त्यांचं नाव संगीताच्या इतिहासात राहिलं असतं. असा माणूस उत्तर आयुष्यात चाकरमान्यांच्या डोंबिवलीत राहिला, तिथेच त्याने शिकवलं आणि तिथेच त्याचा शेवट झाला. या घटनेचा अर्थ नीट कळायचा तर साताऱ्याकडच्या एका संस्थानापासून सुरुवात करावी लागते.

कोरेगाव तालुक्यातलं किन्हई हे औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींचं गाव. गजाननबुवांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, १८८१ मध्ये याच गावात जन्मले. त्या काळी महाराष्ट्रात ख्याल शिकायचा म्हटलं, की पावलं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वळत. बाळकृष्णबुवा वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, आणि वासुदेवबुवा हे हद्दू-हस्सूखाँच्या परंपरेतले. ग्वाल्हेरची गायकी मिरज-इचलकरंजीच्या मातीत रुजली ती बाळकृष्णबुवांमुळे. त्यांनी शिष्यही असे घडवले, की त्यांतल्या प्रत्येकाने पुढे आपापला रस्ता काढला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मिराशीबुवांनी जुन्या चिजांचा साठा जपला. अंतूबुवांनी मुंबई गाठली आणि १९०७ मध्ये तिथे गुरुसमर्थ गायन-वादन विद्यालय सुरू केलं. पलुस्करांचं विद्यालय मुंबईत आलं ते त्यानंतरच्या वर्षी. पलुस्करांच्या कार्याचा उजेड मोठा होता, त्यामुळे अंतूबुवांच्या विद्यालयाकडे इतिहासाचं फारसं लक्ष गेलं नाही. पण चार पैसे फी भरून मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने गाणं शिकावं, ही कल्पना मुंबईत रुजवणाऱ्यांच्या पहिल्या फळीत अंतूबुवांचं नाव घ्यायलाच हवं.

गजाननबुवांचा जन्म ३० जानेवारी १९११ चा, मुंबईतला. घरातच विद्यालय, घरातच गुरू. अशा घरातल्या मुलाला गाण्याची गोडी लागते की सक्ती होते, हे वडिलांवर अवलंबून असतं. अंतूबुवांनी मुलाला ग्वाल्हेरची घडण पक्की करून दिली. ग्वाल्हेरच्या तालमीत बंदिशीला अनन्यसाधारण महत्त्व. अस्थायी आणि अंतरा दोन्ही पूर्ण, स्पष्ट शब्दांत आणि ठाय लयीत मांडायचे, मगच विस्ताराला हात घालायचा. आलाप, बोलआलाप, बोलतान, तान, गमक हे सगळं क्रमाने आणि बंदिशीच्या आराखड्यात राहूनच यायला हवं. तिलवाड्याच्या सोळा मात्रांत चीज नीट बसवली, की राग आपोआप उलगडतो, अशी या घराण्याची श्रद्धा. ही शिस्त लहानपणी अंगात मुरल्यामुळेच पुढे गजाननबुवा इतर घराण्यांकडे निर्भयपणे जाऊ शकले. ज्याचा पाया कच्चा असतो तो नवीन गोष्ट घेताना जुनी हरवून बसतो. त्यांच्या बाबतीत तसं कधी झालं नाही.

पुढे अंतूबुवा औंध संस्थानचे दरबार गवई झाले. औंध हे आकाराने चिमुकलं संस्थान, पण तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे विलक्षण गृहस्थ होते. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा देणारे तेच, १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर वस्तुसंग्रहालय उभारणारे तेच, आणि १९३९ मध्ये प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवणारेही तेच. गदिमांचं शालेय शिक्षण याच गावात झालं. अशा गावात गवयाला मान होता आणि त्याला निवांत वेळही मिळत होता. अंतूबुवा आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांचे निष्ठावंत भक्त होते. त्यांच्या स्मरणार्थ त्यांनी औंधला १९४० मध्ये संगीतोत्सव सुरू केला. गुरूच्या पुण्यतिथीला गवयांनी येऊन गाण्याची सेवा करायची, असं त्याचं रूप होतं. पुढे संस्थान विलीन झालं, दरबार संपला, पण उत्सव टिकला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. राजाच्या इच्छेवर उभी असलेली किती तरी संमेलनं राजाबरोबरच गेली. हा उत्सव एका शिष्याच्या कृतज्ञतेवर उभा होता, म्हणून तो राहिला.

घराणेदार गवयाच्या मुलाने वडिलांची विद्या घ्यावी आणि तीच पुढे चालवावी, हा त्या काळचा रिवाज. दुसऱ्या घराण्याच्या उस्तादापुढे बसणं अनेकांना कमीपणाचं वाटे आणि उस्तादही परक्याला सहजासहजी विद्या देत नसत. गजाननबुवांनी हा रिवाज बाजूला सारला. आधी ते रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गेले. सावंतवाडीकडच्या वझऱ्याचे वझेबुवा म्हणजे उत्तरेत वणवण करून गोळा केलेल्या चिजांचं आणि अनवट रागांचं भांडार. त्यांच्या गाण्यातला जोरकसपणा आणि रागाकडे बघण्याचा धीट दृष्टिकोन गजाननबुवांनी घेतला. त्यानंतर आग्र्याचे विलायत हुसेन खाँ, ज्यांच्या बंदिशी ‘प्राणपिया’ या नावाने प्रसिद्ध आहेत. आणि त्यानंतर कोल्हापूरचे भूर्जीखाँ, अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव.

या तीन गायकी एकमेकींपासून किती दूर आहेत, हे थोडं सांगायला हवं. आग्र्याचा गवई धृपदाची ‘नोमतोम’ आलापी करून राग उभा करतो आणि मग बंदिशीच्या शब्दांशी लयीत झुंजतो. बोलबाँट, तिहाया, समेवर येण्याच्या नाना तऱ्हा ही त्याची शस्त्रं. जयपूरचा गवई शब्द तोडून लयीशी असा खेळ फारसा करत नाही. त्याची लय संथ, पण आकार अखंड. सम येईपर्यंत सुरांची एक सलग वाकडी-तिकडी रेघ तो ओढत नेतो, आणि तानही सरळ न घेता पेचदार घेतो. सावनी नट, बसंती केदार असे जोडराग हे त्याचं खास वैभव. ग्वाल्हेरची सपाट तान, आग्र्याचा लयीचा मारा आणि जयपूरची पेचदार बढत या तिन्ही गोष्टी एका मैफिलीत आल्या तर बहुतेक वेळा गाण्याच्या चिंध्या होतात. ऐकणाऱ्याला ठिगळं दिसतात. गजाननबुवांच्या गाण्यात ती दिसत नाहीत. माझ्या मते याचं कारण त्यांची लय. त्यांनी विनायकराव घांग्रेकरांकडे तबला शिकला होता. ठेक्याचं वजन अंगात इतकं भिनलेलं, की कुठल्याही घराण्याची तान त्यांच्याकडे आली की आधी त्या वजनात बसे आणि मगच बाहेर पडे. ध्वनिमुद्रणांत त्यांचा खट किंवा भूप ऐकताना हे लगेच लक्षात येतं. तान संपते तिथे सम वाट बघत उभी असते. ती गाठण्यासाठी ओढाताण झालेली कुठे जाणवत नाही.

व्हायोलिन हा या आयुष्यातला वेगळाच अध्याय. हे वाद्य दक्षिणेत एकोणिसाव्या शतकातच कर्नाटक संगीताने आपलंसं केलं होतं. आपल्याकडे ते नाटकाच्या पेटी-तबल्याच्या साथीत आणि बँडमध्ये दिसे, पण ख्यालाच्या मैफिलीत त्याला जागा नव्हती. सारंगी आणि पेटी या दोघींनी ती व्यापलेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात काही मोजक्या वादकांनी हे चित्र बदललं. श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग आणि गजाननबुवा ही त्यांतली ठळक नावं. गजाननबुवांचं वेगळेपण असं, की ते आधी गवई होते. गवई व्हायोलिन वाजवतो तेव्हा काय होतं, ते गजाची दिशा बघून कळतं. गळ्याने एका श्वासात जेवढं म्हटलं जाईल तेवढं एका गजात म्हणायचं, हा त्यांचा नियम. मींड घेताना डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता घसरत न्यायचं, शब्दाच्या आघाताच्या जागी गज किंचित दाबायचा आणि मोकळ्या आकाराच्या जागी सैल सोडायचा. मांडी घालून बसायचं, वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं, म्हणजे डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा होतो आणि पट्टीवर वर-खाली हवा तसा फिरतो. या बैठकीत लांब मींड सहज घेता येते.

याच काळात एक सरकारी निर्णयही व्हायोलिनच्या पथ्यावर पडला. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ठराविक सुरांच्या पेटीवर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. पेटीवाल्यांवर तो अन्यायच होता, हे मी स्पष्ट म्हणेन. पण रेडिओवर गायकाच्या मागे सलग स्वर देणाऱ्या वाद्याची गरज त्यातून वाढली, आणि सारंगी दुर्मीळ होत चाललेल्या महाराष्ट्रात व्हायोलिनकडे साथीचं वाद्य म्हणून गांभीर्याने बघितलं जाऊ लागलं. गजाननबुवांनी आकाशवाणीत नोकरीही केली. संस्थानं गेल्यानंतर गवयाला महिन्याचा पगार देणारी ती एकच मोठी संस्था उरली होती. वडील दरबारात, मुलगा रेडिओत, असा एका पिढीतला बदल या एका घरात स्वच्छ दिसतो.

आणि रेडिओनंतर उपनगर. गिरगाव, दादर, ठाकुरद्वार ही मुंबईतल्या मराठी गाण्याची जुनी वस्ती. पण चाळीतली खोली पुरेनाशी झाली, पागडी परवडेनाशी झाली, तसा मराठी मध्यमवर्ग मध्य रेल्वेच्या रुळांबरोबर बाहेर सरकत गेला. आधी ठाणे, मग डोंबिवली, मग कल्याण. त्याच्याबरोबर गाणंही गेलं. कल्याणला त्याची पूर्वतयारी आधीच झालेली होती. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ ची, आणि भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ ‘देवगंधर्व’ या नावाने होणारा त्यांचा महोत्सव रसिकांना परिचित आहे. ठाण्यात पंडित राम मराठे होते. डोंबिवलीत गजाननबुवा.

रामभाऊंबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत, कारण त्यांच्याशिवाय ही हकिगत अर्धी राहील. पुण्यात १९२४ मध्ये जन्मलेले रामभाऊ गजाननबुवांपेक्षा तेरा वर्षांनी लहान. प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये त्यांनी कृष्ण केला, तेव्हा ते अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ‘माणूस’मधला चहावाला पोरगा. दोन्ही चित्रपटांचं संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि त्यांच्याकडेच रामभाऊंनी पुढे तालीम घेतली. मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित, विलायत हुसेन खाँ हेही त्यांचे गुरू. म्हणजे दोघांच्या वाटा दोन ठिकाणी मिळतात. बाळकृष्णबुवांची ग्वाल्हेरची परंपरा एकाला अंतूबुवांकडून मिळाली, दुसऱ्याला मिराशीबुवांकडून, आणि आग्र्याची विद्या दोघांनी एकाच उस्तादाकडून घेतली. स्वभावाने मात्र गाणं निराळं. रामभाऊ रंगभूमीचे. १९६३ च्या ‘मंदारमाला’चं संगीत त्यांचं, त्यात भूमिकाही त्यांची, आणि प्रसाद सावकारांबरोबरची त्यातली जुगलबंदी ज्यांनी थिएटरात ऐकली ते त्याबद्दल अजून भरभरून बोलतात. दमसास अफाट, तान विजेसारखी, आणि नाट्यपद म्हणताना समोरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपल्याकडे खेचून घ्यायची ताकद. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी ते गेले. मुलगे संजय आणि मुकुंद यांनी ती परंपरा चालवली. ठाणे महापालिका त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते, हे ठाण्याला भूषणावह आहे.

या दोघांकडे एक विद्यार्थी आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. वडील वकील, पण गाण्यात बुडालेले, त्यांनीच पहिले धडे दिलेले. भाऊही गाणारे. नागपूरला राजाभाऊ कोगजे आणि खर्डेनवीस यांच्याकडे शिकून, संगीतात एम. ए. करून तो मुंबईकडे आला. उल्हास कशाळकर त्याचं नाव. ठाण्याला रामभाऊ आणि डोंबिवलीला गजाननबुवा. मधे कळवा, मुंब्रा, दिवा आणि मुंब्र्याची खाडी. पूर्वी गवयाला दुसऱ्या घराण्याची विद्या मिळवायची तर महिनोन्‌महिने परमुलखात उस्तादाच्या दारात पडून राहावं लागे. इथे दोन थोर गुरू एकाच लोकलच्या मार्गावर होते. संस्थानांनी जे केलं नाही ते उपनगराने केलं, असं मी म्हणतो ते याच कारणासाठी.

गजाननबुवांची तालीम कडक होती, हे त्यांचे शिष्य एकमुखाने सांगतात. एकच चीज, एकच जागा पुन्हा पुन्हा. तानेची पट्टी गळ्यावर चढेपर्यंत पुढे जायचं नाही. लय हलली की चुकलं, मग सूर कितीही गोड असो. यातून जी माणसं तयार झाली त्यांची यादी पाहिली की बुवांचं खरं काम दिसतं. उल्हास आणि अरुण कशाळकर. वीणा सहस्रबुद्धे, ज्यांचे वडील शंकर श्रीपाद बोडस पलुस्करांचे शिष्य. म्हणजे बाळकृष्णबुवांच्या दोन शाखा त्यांच्या गळ्यात पुन्हा एकत्र आल्या. जयश्री पाटणेकर, कौसल्या मंजेश्वर, शुभदा पराडकर. डॉ. अशोक रानडे यांच्यासारखा संगीताचा चिंतक, ज्यांनी विद्यापीठात आणि पुस्तकांतून महाराष्ट्राला संगीताकडे बघण्याची नवी नजर दिली. आणि तबलजी सुरेश तळवलकर, जे आपल्या लयविचाराचं मोठं श्रेय बुवांना देतात. उल्हासजी गाताहेत आणि तळवलकर साथीला आहेत, अशी मैफल ज्यांनी ऐकली असेल त्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. ठेका शांत, गायकाला जागा देणारा, आणि तरी तानेचा प्रत्येक वळसा ओळखणारा. दोघांची लय एकाच घरातून आली आहे.

घरातही विद्या थांबली नाही. मुलगा मधुकर व्हायोलिनवादक, नारायण तबलावादक, मनोहर गायक, मुलगी सुचेता बीडकर गायिका. नातींपैकी अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी आज मैफिली गाजवताहेत. अंतूबुवांपासून मोजलं तर ही चौथी पिढी. पण मी घराण्याच्या वंशावळीपेक्षा एका दुसऱ्या गोष्टीला जास्त मानतो. घरातल्यांना जे दिलं तेच बाहेरच्यांना दिलं, हातचं राखलं नाही. ज्या काळात चीज अर्धी सांगायची आणि अंतरा गिळून टाकायचा हा शहाणपणा समजला जात होता, त्या काळातून आलेल्या माणसाने हे केलं. ते स्वतः तीन परक्या दारांत शिकायला बसले होते, म्हणून असेल.

मान मिळाला. अंतूबुवांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, गजाननबुवांना १९७२ मध्ये. बाप आणि मुलगा दोघांनाही हा सन्मान मिळावा, असं फार थोड्या घरांत घडलं आहे. तरीही लोकप्रियतेच्या मापाने त्यांचं नाव भीमसेनजी, कुमारजी, वसंतराव यांच्या पंक्तीत सहजपणे घेतलं जात नाही. त्याचं एक कारण असं, की त्यांनी गाण्यात श्रोत्याला सोपी वाट ठेवली नाही. भावगीत, अभंग, नाट्यपद यांच्या पायरीवरून रसिक त्यांच्यापर्यंत चढत आला नाही. त्यांच्याकडे यायचं तर सरळ ख्यालातच उतरावं लागे. दुसरं कारण, आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी शिकवण्यात घातली. मैफिलीचा गवई आणि शिकवणारा गवई यांत लोक पहिल्याला लक्षात ठेवतात. हा आपला दोष आहे, त्यांचा नव्हे. उल्हास कशाळकर १९९३ पासून कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून शिकवत आले. तिथे बंगाली मुलांच्या गळ्यांत जी ग्वाल्हेरची घडण आणि आग्र्याची लय ऐकू येते, तिचा एक मोठा धागा डोंबिवलीपर्यंत येतो. शिक्षक म्हणून गजाननबुवा विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या तीन-चारांत बसतात, असं माझं ठाम मत आहे.

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या तरुण गायक-वादकांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं एक सांगणं आहे. गजाननबुवांची ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. आधी त्यांचा एक राग ऐका, मग तोच राग उल्हासजींचा ऐका, मग वीणाताईंचा. घाई न करता, एकेका बंदिशीला पुरेसा वेळ देऊन. आणि एकदा तरी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास रहिमतपूरमार्गे औंधला जा. अंतूबुवांनी आपल्या गुरूसाठी सुरू केलेला उत्सव तिथे अजून दर वर्षी होतो, आणि बुवांचे शिष्य व घरची मंडळी तिथे गातात.